उजवं इंजिन दुसऱ्यांदा गेलं, आता शोध कुठून सुरू करू? (जुळी २५० एचपी आउटबोर्ड)

मांडवा_धक्का

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, अर्धवट माहिती देऊन सल्ला मागायचा नाही म्हणून.

बोट २८ फुटी, फायबरची. मागे, बोटीच्या बाहेरून लावलेली दोन २५० एचपी चार-स्ट्रोक व्ही-६ (सहा सिलिंडरची) आउटबोर्ड इंजिनं. वापर घरचाच. मांडवा ते गेटवे, कधी मुरुड-जंजिऱ्यापर्यंत. सहा-सात माणसं असतात.

गेल्या ऑक्टोबरात, पावसाळ्यानंतरच्या तिसऱ्याच फेरीत, उजवं इंजिन ५६०० आरपीएमवर असताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला आणि दहाएक सेकंदांत बंद पडलं. डाव्या इंजिनावर घरी आलो. उघडलं तेव्हा तीन नंबरच्या पिस्टनची कड वितळलेली होती. मेकॅनिक म्हणाला, पाणी कमी पडलं, गरम होऊन गेलं. नवं पॉवरहेड (सिलिंडर-पिस्टनचा मुख्य भाग) बसवलं, पाण्याच्या पंपातला इम्पेलर बदलला, दोन्ही थर्मोस्टॅट बदलले. खर्च लाखांत गेला.

त्यानंतर जेमतेम ३८ तास चाललंय. परवा रविवारी कोर्लईच्या दीपगृहाच्या अलीकडे त्याच इंजिनाचे आरपीएम ५३०० वरून ४८०० वर आले आणि थरथर सुरू झाली. या वेळी मी लगेच थ्रॉटल खाली घेतला आणि बंदच केलं. बझर दोन्ही वेळा वाजला नाही. डावं इंजिन त्याच वर्षीचं आहे, तितकेच तास चाललेलं आहे, त्याला काहीही झालेलं नाही.

आता इंजिनाला हात लावलेला नाही. मेकॅनिक म्हणतोय पुन्हा उघडू. मला उघडण्याआधी कारण हवंय.

सुकाणू

बंद केलंत ते फार चांगलं केलंत. पुन्हा चावी फिरवू नका. चार प्रश्न आहेत.

दोन्ही इंजिनांना टाकी एकच की वेगवेगळी? लॅपटॉप लावून इंजिनाची हिस्ट्री काढली का? नवं पॉवरहेड बसवलं तेव्हा जुन्यावरचं काय काय उचलून नव्यावर लावलं? आणि नेहमीच्या वजनात पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती मिळतात?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मेकॅनिककडून नीट घ्या. माझा सगळा संशय तिथे आहे.

टिलर_अलिबाग

माझं मत, आधी पाणीच तपासा. रेवस-मांडव्याकडे सुकीला (ओहोटीत) बोट काढणारे आपण सगळे इंजिनाला पाण्याऐवजी चिखल पाजतो. इम्पेलर म्हणजे शेवटी रबराच्या पात्यांचं चाक. गाळाने त्याची पाती आणि बाहेरचा स्टीलचा कप दोन्ही घासतात. पाण्याविना तर इम्पेलर अर्धा मिनिटही नीट टिकत नाही. आणि पातं तुटलं की तुकडा वर जातो. नवा इम्पेलर बसवला, पण जुन्याचे तुकडे मोजले नाहीत, तर ते तुकडे आत कुठेतरी वाट अडवून बसलेलेच असतात. काढलेल्या इम्पेलरची पाती मोजायची, एक जरी कमी असलं तरी ते सापडेपर्यंत थांबायचं नाही, हे मी एकदा भरपूर पैसे घालवून शिकलोय.

इंजिन कधी तापतं यावरून बरंच कळतं. हळू चालताना तापतं आणि वेग घेतला की थंड होतं, तर पंप दमलाय किंवा थर्मोस्टॅट अडकलाय. हळू असताना ठीक आणि वेगात तापतं, तर आत येणारी वाट अडली आहे: पिशवी, शिंपले, ब्लॉकमधलं मीठ, किंवा वेगात उघडणारा प्रेशर व्हॉल्व्ह उघडत नाही. मुंबई बंदरात पिशवीचं प्रमाण इतकं आहे की आरपीएम घटले की मी आधी बोट थांबवून थोडी मागे घेतो, पिशवी सुटते.

फ्लशिंग करता ना? किती वेळ?

गिअरकेस_दुबई

मी इथे एका मरीनाच्या वर्कशॉपमध्ये आहे, मूळचा रत्नागिरीचा. टिलर यांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो.

वेगवान बोटीत नुसत्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती पाणी असेल तरच तो खरं सांगतो. पाणीच संपलं आणि तिथे हवा-वाफ राहिली, तर काटा खाली दाखवत राहतो आणि आत सिलिंडर भाजत असतो. म्हणून इथे पाण्याच्या दाबाचा गेज लावतात. इंजिन जॅक-प्लेटवर (इंजिन वर-खाली करणारी पट्टी) जितकं वर घ्याल तितका वेग वाढतो, पण पाणी घेणारी भोकं पृष्ठभागाजवळ येतात आणि पंप हवा ओढू लागतो. वळणावर, जास्त ट्रिमवर (इंजिन जास्त कलवल्यावर), लाटेवरून उडताना दाब पडतो का ते बघायचं. ठराविक आकडा मी सांगणार नाही. बोट चांगली असताना तुमच्या बोटीचा ३०००, ४०००, ५००० आरपीएमला दाब किती हे लिहून ठेवा, पुढे तोच आकडा तुमच्याशी बोलेल.

उड्यांचंही सांगतो. प्रोपेलर पाण्याबाहेर आला की इंजिन मोकळं सुटतं, आरपीएम लिमिटरला आदळतात आणि मग प्रोपेलर परत पाण्यात शिरतो तेव्हा सगळा धक्का गिअर आणि क्रँकवर येतो. शर्यतीच्या मोठ्या ऑफशोअर बोटींत दोन माणसं याचसाठी असतात, एक फक्त स्टेअरिंगवर आणि एक फक्त थ्रॉटलवर. हवेत जाताना थ्रॉटल कमी, पाण्यात बसल्यावर परत वर. आपल्याकडे २०१७च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी-१ या पॉवरबोट मालिकेच्या शर्यती झाल्या, त्या २८ फुटी पँथर बोटींना एकेकच २५० एचपीचं आउटबोर्ड होतं. चौपाटीवरच्या लाटांत ते कसं आरडत होतं हे ज्यांनी ऐकलं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

ज्यांच्याकडे आत बसवलेलं व्ही-८ आहे त्यांच्यासाठी वेगळी सूचना. तिथे मृत्यू बहुतेकदा एक्झॉस्टच्या मॅनिफोल्ड आणि रायझरमधून, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या भागांतून येतो. खाऱ्या पाण्यात ते आतून गंजतात, पाणी गळून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि बोट दोन आठवडे उभी राहिली की स्टार्टर टक् करून थांबतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टक् असा आवाज आला तर दुसऱ्यांदा स्टार्टर मारू नका, आधी सगळे प्लग काढा.

पण मांडवा_धक्का, तुमची केस मला पाण्याची वाटत नाही. गरम होऊन गेलेल्या इंजिनात साधारणपणे एकापेक्षा जास्त सिलिंडरना झळ लागते, पिस्टनच्या बाजू खरवडलेल्या दिसतात. तुमच्या एकाच पिस्टनची कड वितळली आहे, आणि आता बहुधा परत त्याच बाजूला त्रास आहे.

मांडवा_धक्का

सगळ्यांचे आभार. उत्तरं गोळा करायला चार दिवस गेले.

टाक्या दोन आहेत, डावी डाव्या इंजिनाला, उजवी उजव्याला. मध्ये जोडणारा व्हॉल्व्ह आहे, तो नेहमी बंद.

हिस्ट्री काढली. दोन्ही वेळी अतितापाची एकही नोंद नाही. पाण्याच्या दाबाचीही नाही.

पूर्ण थ्रॉटलला सात माणसं आणि भरल्या टाकीत ५३००. मॅन्युअलमध्ये पल्ला ५००० ते ६००० आहे, म्हणून मला ते ठीकच वाटत होतं.

आणि सुकाणू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इंजेक्टर (सिलिंडरला पेट्रोल फवारणारे), त्यांना पेट्रोल पुरवणारी रेल आणि व्हेपर सेपरेटर (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारं भांडं), तिन्ही जुन्या इंजिनावरचं जसंच्या तसं नव्यावर चढवलंय. तपासलं का विचारलं, तर "चालू होते ना" असं उत्तर मिळालं.

टिलर, फ्लशिंग प्रत्येक फेरीनंतर पंधरा मिनिटं, गोड्या पाण्याने.

सुकाणू

मग आता पाण्याचा विषय बाजूला ठेवू या आणि पेट्रोलकडे येऊ.

आधी जे झालं ते समजून घ्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाला मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पेट्रोल दिलेलं असतं. ते जादा पेट्रोल जळायला नसतंच, त्याच्या वाफ होण्याने पिस्टनचं डोकं थंड राहतं. एका सिलिंडरचा इंजेक्टर थोडा चोंदला की तो सिलिंडर कोरडा पडतो. पेटण्याची लाट नीट पसरण्याआधीच उरलेलं मिश्रण एकदम भडकतं, तेच डेटोनेशन. हातोडीचे ठोके पडावेत तसे पिस्टनच्या कडेवर बसतात. तुम्ही ऐकलेला खिळ्यांचा आवाज तोच. यात सगळं इंजिन तापत नाही, पाणी गार असतं, म्हणून बझर वाजत नाही. काही मिनिटं पुरतात.

आता इंजिन न उघडता करायची कामं, याच क्रमाने.

सहाही प्लग काढा आणि क्रमांक लिहून वर्तमानपत्रावर मांडा. भिंग घ्या. पांढऱ्या चिनी मातीवर मिरीच्या पुडीसारखे काळे किंवा चांदीसारखे चमकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. चिनी माती खडूसारखी पांढरी, फोडाळलेली असेल तर सिलिंडर कोरडा चाललाय. आणि एखादाच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे पाणी येतंय.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती भरतो ते. इंजिन चालू करून गरम करायचं नाही, थंडच घ्या. सगळे प्लग बाहेर, ठिणगी आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. आकडा किती यापेक्षा सहा आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक.

जो कमी भरेल त्यावर लीक-डाउन टेस्ट: पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती गळते ते बघायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा किंवा पिस्टन, एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर गॅस्केट. हल्ली मोबाइलला लावायचा कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो भोकातून घालून पिस्टनचं डोकं बघा.

शेवटी सगळे सहा इंजेक्टर काढून टेस्ट-बेंचवर. त्यासाठी बोटीचाच माणूस लागत नाही, गाड्यांचे इंजेक्टर साफ करणारी दुकानं पनवेलला, मुंबईत भरपूर आहेत. पण एक अट घाला: साफ करण्याआधीचं माप हवं. सगळे आधी साफ करतात, मग मोजतात, आणि पुरावा निचऱ्यात जातो.

मालवण_बोटवाला

गाववाल्यानू, तुमचा इंजिन मेला ह्यो दोष इंजिनाचो नाय. टाकी बघा आधी.

बाकीच्यांसाठी शुद्ध मराठीत लिहितो. आमच्या तारकर्लीच्या बाजूला पॅरासेलिंगच्या आणि बनाना राइडच्या बोटी दिवसभर चालतात, त्यात इंजिनाच्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त शेवटी पेट्रोलवर येऊन थांबतात. २०२३पासून पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं, आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. तुमच्या आउटबोर्डचं मॅन्युअल उघडा, बहुतेकांत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. इथेनॉल वाईट म्हणून नाही, ते पाणी ओढतं म्हणून. थोडं पाणी ते पोटात घेतं, कळतही नाही. मर्यादा संपली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. इंजिनाची नळी तळापासूनच ओढते. आणि वर जे पेट्रोल उरतं त्यातून इथेनॉल गेलेलं असतं, म्हणजे त्याचा ऑक्टेनही (डेटोनेशन रोखायची ताकद) उतरलेला.

एक काम करा. फिल्टरच्या भांड्यातलं आणि टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा, झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी तळाला रेघ दिसते की नाही बघा. दोन्ही टाक्यांच्या दोन बरण्या, शेजारी शेजारी.

आणि मे अखेरीला बोट वर ओढता तेव्हा टाकी अर्धी ठेवून सोडता का?

मांडवा_धक्का

निकाल आलेत. लिहिताना हात थरथरतोय.

प्लग: पाच जण तपकिरी, सारखे. तीन नंबरचा पांढरा, आणि भिंगाखाली बारीक चमकणारे सात-आठ ठिपके. बायकोने मोजले, माझा विश्वास बसेना.

कॉम्प्रेशन, पीएसआयमध्ये, एक ते सहा: १८८, १८५, १५६, १९०, १८६, १८८. लीक-डाउन तीन नंबरला २८ टक्के, बाकीचे ६ ते ९. फुसफुस ऑइलच्या झाकणातून. कॅमेऱ्यात पिस्टनच्या कडेला, एक्झॉस्टच्या बाजूला, वाळूने घासल्यासारखा खडबडीत पट्टा दिसला. वितळायला सुरुवात झाली होती.

इंजेक्टर, साफ करण्याआधी, १५ सेकंदांत: पाच जण ९६ ते ९८ मिली. तीन नंबरचा ८३. फवारा पण सरळ नाही, एका बाजूला पिचकारी.

व्हेपर सेपरेटरच्या तळाच्या जाळीवर साबूदाण्याच्या खिरीसारखा पांढरट चिकट थर आणि त्यात तपकिरी कण.

बरण्या: डाव्या टाकीची स्वच्छ. उजवीच्या तळाला दीड बोट पाण्यासारखा थर, वर धूसर पेट्रोल.

आणि हो, मालवणकर, पावसाळ्यात दोन्ही टाक्या अर्ध्याच होत्या. पण मग डावी स्वच्छ कशी?

गिअरकेस_दुबई

हवेतला दमटपणा दोन्ही टाक्यांत सारखाच गेला असता. दीड बोट थर म्हणजे पाणी बाहेरून आत आलंय. उजव्या बाजूचं डेकवरचं पेट्रोल भरायचं झाकण उघडून त्याची ओ-रिंग (रबरी कडं) बघा. नंतर व्हेंटची (टाकीत हवा जायची) नळी, तिचा वर वळलेला वेढा खाली लोंबत नाहीये ना. बोट पावसाळ्यात कशी उभी होती, उजवीकडे कललेली का?

हल_२१

मधेच येतो. कारण सापडत आलंय, पण ५३०० आरपीएम तसेच सोडू नका. ती दुसरी अर्धी चूक आहे.

५००० ते ६००० हा पल्ला म्हणजे त्यात कुठेही चालेल असा अर्थ नाही. नेहमीच्या वजनात पूर्ण थ्रॉटलला वरच्या टोकाजवळ पोचलं पाहिजे. तुमचा प्रोपेलर जड आहे. चौथ्या गिअरमध्ये गाडी वरंध घाटात चढवावी तसं इंजिन रेटतंय, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि डेटोनेशनला तेच हवं असतं. कोरडा सिलिंडर, उतरलेला ऑक्टेन आणि जड प्रोपेलर, तिन्ही एका ठिकाणी भेटले.

प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेरीत तो हिशोबाने किती इंच पुढे जातो तो आकडा, किती आहे? एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

स्लिपही, म्हणजे सैद्धांतिक वेगापेक्षा खरा वेग किती टक्के कमी पडतो तेही, काढून बघा. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, की नॉटमध्ये सैद्धांतिक वेग मिळतो. समजा ५३००, १९ इंच, रेशो १.७५: साधारण ४७ नॉट. जीपीएसवर ४० दिसत असतील तर स्लिप १५ टक्के, अशा बोटीला ठीक. अचानक २५ झाली तर प्रोपेलरची कड वाकली आहे, हब (प्रोपेलरचा मधला भाग) घसरतोय किंवा तळाला शेवाळ-शिंपले धरलेत.

प्रोपेलर काढालच तेव्हा शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलाय का तेही बघा. तो सील कापतो, गिअर ऑइल दुधी होतं, आणि पुढचा खर्च तिथला असतो.

टिलर_अलिबाग

मी पाण्यावर अडून बसलो होतो, चूक कबूल. तीन नंबरचा आकडा बघून मी माझ्या बोटीचे प्लगही काढले. ठीक आहेत.

एक जोडतो. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी: वेगात इंजिन मान टाकायला लागलं की कोणाला तरी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायला सांगा. दाबल्यावर इंजिन उचललं तर पेट्रोल कमी पडतंय. फुगा आत चिमटला गेला असेल तर टाकीकडून येणारी वाट अडली आहे, टाकीचं झाकण सैल करून बघा, व्हेंट बंद असू शकतो. दोन टाक्या असतील तर नळ्यांची अदलाबदल करून बघा, दोष इंजिनाबरोबर राहतो की टाकीबरोबर जातो ते लगेच कळतं. मात्र धडधड, खिळ्यांचा आवाज असेल तर यातलं काही करू नका, सरळ बंद करा.

मांडवा_धक्का

शेवटचं कळवतो.

उजव्या झाकणाची ओ-रिंग एका बाजूने तडकली होती. बोट पावसाळाभर ट्रेलरवर उजवीकडे किंचित कललेली होती आणि ताडपत्रीची घडी बरोबर त्या झाकणावर पाणी साठवत होती. तीन महिने. पहिलं इंजिन त्याने खाल्लं, आणि आम्ही टाकी न उघडता, तोच इंजेक्टर घेऊन, दुसरं त्याच्या तोंडी दिलं.

उजवी टाकी पूर्ण उपसून, आतून पुसून काढली. प्रत्येक इंजिनाला पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, खाली पारदर्शक भांडं असलेला. नळ्या आणि व्हेपर सेपरेटरची जाळी नवी, सहाही इंजेक्टर नवे. ब्लॉक वाचला, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा नव्हता, तीन नंबरला पिस्टन आणि रिंगा घातल्या. वेळेवर थ्रॉटल खाली घेतला नसता तर हे पण गेलं असतं.

प्रोपेलर १९चा १७ केला. पहिले दहा तास मॅन्युअलप्रमाणे जपून चालवलं. काल सात माणसांत ५७००, आवाज साफ. दोन्ही इंजिनांचे प्लग आज परत काढले, बाराही तपकिरी. कॉम्प्रेशनचे बारा आकडे, पाण्याचा दाब आणि आरपीएम एका कागदावर लिहून लॅमिनेट करून कन्सोलच्या झाकणाला आतून चिकटवलेत.

आणि डाव्या टाकीच्या झाकणाची ओ-रिंग पण काढून बघितली. चपटी झाली होती, बोटाने वाकवली तर मधोमध चीर पडली.